वैद्याचे जीव

"देबू आज 'जातो' म्हणून गेला गं. जरा फोन कर त्याला."

एवढं सांगायला शरदिनीकाकू खालच्या मजल्यावरून धापा टाकत वर आल्या होत्या. त्या आमच्या घरमालकीण. गुडघ्यांमुळे एरवी जिन्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी जमिनीवर बसून फासे गोळा करत होते. बकुळ तेव्हा दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालायची, त्यामुळे खेळ संपला की एकही फासा खाली राहता कामा नये, हा माझा ध्यास. मी मान वर न करताच म्हटलं, "काकू, तो खेळातला नियम आहे आमच्या. खेळात म्हणाला तो."

"खेळात नाही. माझ्या दारात उभा राहून म्हणाला. काकू, जातो."

"अहो, तो हिंदीत विचार करतो नि मराठीत बोलतो. 'जाता हूँ'चं 'जातो' होतं त्याचं. तुम्हीच कितीदा रागावलात त्याला."

"रागावले, म्हणून सुधारला होता ना," काकू म्हणाल्या.

त्या थोडा वेळ उंबऱ्यात थांबल्या. मी उठत नाही असं बघून कठडा धरत खाली गेल्या. एक फासा पलंगाखाली गेला होता, तो मी झाडूने बाहेर काढला.

आता नीट सांगते.

ओजसची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतली बदली बनारसला झाली तेव्हा बकुळ पोटात होती. साताऱ्याहून आलो ते थेट दूधविनायकाच्या गल्लीत, काकूंच्या वरच्या दोन खोल्यांत. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, नोकरी सोडलेली, आणि बाळंतपणानंतर घाबरट झालेली. घाबरट म्हणजे झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. श्वास लागला बोटाला की दुसऱ्या श्वासाची वाट बघायचे. शेवटी ओजसच म्हणाला, "तू कॉलेजात तो फाशांचा खेळ चालवायचीस ना, तो सुरू कर. नाहीतर वेडी होशील, आणि मला पण करशील."

हा खेळ म्हणजे चार जणांनी बसून बोलत बोलत रचायची गोष्ट. एक जण सूत्रधार, ती मी. सूत्रधार जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राला ठरावीक 'जीव' असतात. वार बसला की कमी होतात, संपले की पात्र मेलं. मी रचलेल्या जगाचं नाव होतं उलटी काशी. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली उतरत गेलं की तळाशी हेच शहर डोक्यावर उभं असलेलं लागतं आणि तिथल्या मगरी दक्षिणा घेतल्याशिवाय वाट सोडत नाहीत. बाजारातले छापील नियम या जगाला बसेनात, म्हणून आम्ही आमचे घरचे नियम करत गेलो.

खेळायला ओजस, संपदा आणि देवव्रत.

संपदा शाळेत गणित शिकवते. जन्म बनारसचा, आईवडील भावाकडे इंदूरला गेले, ही नोकरीसाठी इथेच राहिली. खेळात ती भालाईत, दिसेल त्याच्यावर धावून जाणारी. ओजसचा चोर होता, त्याचं नाव त्याने 'लंगडा' ठेवलं, आंब्यावरून. आणि देवव्रत, म्हणजे काकूंचा देबू, झाला वैद्य. वैद्य कडुलिंबे.

देवव्रतचं घराणं कित्येक पिढ्या बनारसमध्ये आहे. वडील नव्हते. आई प्रेमलाकाकू आणि तो, बालाजी घाटाच्या वरच्या बाजूला राहायचे. एका कॉलेजात दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या करारावर संस्कृत शिकवायचा. महाराष्ट्रातून कुणी काशीला यायचं ठरवलं की कुणाच्या तरी कुणाकडून त्याचा नंबर निघायचा. स्टेशनवरून आणणं, खोली बघणं, गुरुजी ठरवणं, नावाडी ठरवणं, म्हाताऱ्यांना पायऱ्या उतरवणं, अस्थी घेऊन आलेल्यांच्या शेजारी गप्प बसून राहणं. बकुळला पहिल्यांदा ताप चढला आणि ओजस गावी होता, तेव्हा मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात यानेच नेलं. डॉक्टर आत बकुळला तपासत होते आणि हा बाहेर माझ्यासाठी चहा धरून उभा. "वहिनी, परेशान नका होऊ, बच्चे लोक रबराचे असतात." मला इतका राग आला की मी हसले.

खेळातही तो तसाच. संपदा धावून जायची, मार खायची, हा मागून बरं करायचा. लंगडा सापळ्यात पाय घालायचा, हा बरं करायचा. छापील नियमांत वैद्य हवं तितक्यांदा बरं करू शकायचा, त्यामुळे काही आठवड्यांतच लढायांतला दम गेला.

"यार, मजाच नाही राहिली," संपदा म्हणाली. "मरतच नाही कुणी!"

"मरायची हौस आहे का तुला?" ओजस म्हणाला.

"हौस नाही, पण भीती तरी वाटली पाहिजे ना, दादा. मगरीच्या तोंडात हात घालते आहे मी, आणि हा मागे मलम घेऊन उभा."

तिचं बरोबर होतं. भीती नसेल तर फासा टाकण्यात अर्थ नाही. बकुळ दुपारची झोपली की मी आकडे मांडत बसायचे. कुणाचा वार किती, कुणाला किती सोसेल, लढाई किती फेऱ्यांत संपावी. आणि मला एक सुंदर नियम सापडला. सुंदर हा शब्द मी तेव्हा वापरला होता, म्हणून इथेही लिहिते. वैद्य दुसऱ्याला जेवढे जीव देईल, तेवढे त्याचे स्वतःचे कमी होतील. छावणीत झोप काढली तरच ते भरून येतील.

एका ओळीत सगळं जाग्यावर आलं. प्रत्येक लढाईत धाकधूक, प्रत्येक मलमाला किंमत. संपदा खूश, ओजस खूश. देवव्रतने कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

"वहिनी, एक सवाल आहे. वैद्याला कोण बरं करणार?"

"झोप. झोपलास की भरतात."

"ते ठीक आहे. पण लढाईच्या मधे? समजा संपदाकडे भरपूर जीव आहेत, माझ्याकडे दोनच. तर ती मला देऊ शकते का? तिचे कमी करून, माझे वाढवून. सगळ्यांनाच देता येईल असं करूया ना."

"म्हणजे मी तुला, तू ओजसदादाला, दादा मला," संपदा म्हणाली. "गोल गोल फिरत बसेल की."

"गोल फिरलं तर काय झालं?"

"बॅलन्स बिघडेल," मी म्हणाले. बकुळ मांडीवर चुळबुळत होती, तिच्या मुठीत काहीतरी होतं, मी ती मूठ सोडवत होते. "कुणी मरणारच नाही मग. पुन्हा पहिल्यासारखं."

"हो, ते पण आहे," तो म्हणाला. "बरोबर आहे वहिनी. बॅलन्स बिघडेल." कागद खाली ठेवून त्याने मुठीतला राजगिऱ्याचा दाणा मला दाखवला. "फासा नाही. लाडूचा आहे."

दुसरा नियम गमतीत झाला. देवव्रतला खेळ सोडून मधेच उठावं लागायचं. कुणाची तरी गाडी आलेली असायची. "जातो" म्हणून तो जिना उतरायचा आणि खालून काकूंचा आवाज यायचा, "मेल्या, येतो म्हण! घरातून निघताना जातो म्हणतात का? तुझ्या बापाने हेच शिकवलं?" मग खालून ओशाळलेलं "येतो, काकू, येतो." आम्ही वर हसून लोळायचो. त्यावरून संपदाने ठराव मांडला, की खेळ सोडताना जो 'येतो' म्हणेल त्याचं पात्र छावणीत सुखरूप झोपेल आणि भरल्या जिवाने परत येईल. जो 'जातो' म्हणेल त्याचं पात्र गोष्टीतून कायमचं गेलं. त्याचं सामान बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. मी तो नियम लिहून टाकला. देवव्रत त्या दिवसापासून इतका सावध झाला की पाणी प्यायला उठला तरी "येतो" म्हणायचा.

त्या थंडीत बनारसला धुकं फार होतं. गाड्या रात्र रात्र अडकायच्या. देवव्रतचे डोळे कायम लाल. आम्ही विचारलं की म्हणायचा, "कोहरा आहे दादा, मुंबईची गाडी सकाळची संध्याकाळी येते, आणि त्यातून उतरणाऱ्या मावशी मलाच रागावतात." कॉलेजचा करार त्या वर्षी पुढे सरकला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याच्या आईलाही नंतरच कळलं. रोज डबा घेऊन वेळेवर निघायचा म्हणे.

त्या रविवारी तो पहिल्यांदाच पूर्ण वेळ बसला. फोन वाजला नाही. उलट्या काशीतल्या उलट्या मणिकर्णिकेपाशी मोठी लढाई लागली होती. संपदा दोनदा पडली, लंगडा एकदा, आणि देवव्रत देत गेला. "कडुलिंबे देतात. घ्या. पुन्हा देतात. घ्या." मी त्याचे जीव खोडून कमी करत होते. सूत्रधाराचं कामच ते. लढाई जिंकली तेव्हा त्याच्याकडे एकच उरला होता. ओजसने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात बॅलन्स! एका जिवावर सुटला!"

देवव्रत उठला. शाल खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चला, जातो."

"ए! येतो म्हण," संपदा ओरडली. "सगळं वाया जाईल."

"नाही, नियमानेच. वैद्य कडुलिंबे जातात. थकले आता. संपदा, कंदील तुला. दादा, लंगड्याला मलमाची सगळी पोतडी. आणि हा," त्याने स्वतःचा निळा फासा बकुळच्या डोक्यावरून ओवाळल्यासारखा केला आणि माझ्या हातात दिला, "ही मोठी झाली की. आत्ता वर ठेवा, गिळेल."

मी फासा फडताळात सगळ्यांत वर ठेवला. वळले तर तो जिन्यात होता.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते. आम्ही वाद घातला. ओजसचं म्हणणं, सगळी पोतडी एकट्या चोराला मिळाली तर चोर फार भारी होतो. संपदाचं म्हणणं, नवीन वैद्य आला पाहिजे, पण तो कच्चा असेल, तर मगरीही कच्च्या कराव्या लागतील. मी म्हणाले, 'जातो'चा नियमच बदलू, सामान पात्राबरोबर गेलं पाहिजे, नाहीतर उरलेल्यांचा फायदा होतो. आम्ही चांगले तासभर बोललो. वैद्याला परत कसं आणायचं, हे संपदा म्हणाली एकदा. ओजस म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊन कुणी दुसरा होईल तो, बघशील." आणि संपदा घरी, ओजस आतल्या खोलीत गेल्यावर, मी फासे गोळा करताना, काकू वर आल्या.

फोन मी दुसऱ्या दिवशी करणार होते. दुसऱ्या दिवशी बकुळला सर्दी झाली.

मंगळवारी सकाळी प्रेमलाकाकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत. म्हणाल्या, "स्वरदा, देबू गेला."

मी म्हटलं, "कुठे?"

त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या, "गेला." मी पुन्हा विचारलं. मला खरंच वाटलं, नोकरीसाठी गेला असेल, पुण्याला, कुणी बोलावलं असेल. "कुठे गेला काकू?" तिकडून कुणीतरी फोन घेतला आणि हिंदीत सांगितलं. हिंदीत सांगितलं तेव्हा कळलं.

कसा, ते मी लिहिणार नाही. गल्लीत बराच काळ त्यावरच बोलणं चाललं होतं, तेवढं पुरे.

त्याने ज्यांना ज्यांना पायऱ्या उतरवल्या होत्या, त्यांतलं कुणी अंत्ययात्रेला नव्हतं. त्यांना कळणार कसं? त्यांच्या फोनमध्ये त्याचं नाव 'काशी गाईड' किंवा 'देवव्रत स्टेशनवाला' असं असेल. तेराव्याच्या दिवशीही त्याचा फोन वाजला. सोलापूरचे कुणी होते, शनिवारी पोचतोय म्हणाले. संपदाने उचलला, आणि शनिवारी ती स्टेशनवर गेली.

शरदिनीकाकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. रोज वर यायच्या, गुडघे चोळत बकुळला घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "जा, अंघोळ करून घे तू." बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना म्हटलं असतं, की मी दिवसभर एका जिवावर डोळा ठेवून होते काकू, दुसऱ्यासाठी डोळा उरला नव्हता. हे खरं आहे आणि त्याचा उपयोग नाही.

उन्हाळ्यात ओजसची रायपूरला बदली झाली. सामान बांधताना नियमांचे कागद हाताला आले. मी ते फेकणार होते. त्याऐवजी बकुळला झोपवून फरशीवर बसले आणि देवव्रतने मागितलेला नियम मांडला. सगळ्यांनी सगळ्यांना द्यायचं. त्या दिवशी मी तो हिशेब न करताच नाकारला होता. मांडीवर पोर होतं, तिची मूठ होती, मला तोंडपाठ उत्तर आलं आणि मी ते दिलं. एम.एस्सी.ला आम्हाला पहिली गोष्ट हीच शिकवतात, की वाटतं ते खरं धरू नका, टाकून बघा.

मी टाकून बघितलं. तीच मणिकर्णिकेची लढाई, त्याच मगरी, तेच जीव. चारही बाजूंनी मी एकटीच फासे टाकत होते. पहिल्यांदा खेळले, दुसऱ्यांदा खेळले, मग मोजणं सोडून दिलं. बॅलन्स बिघडला नाही. कुणी अमर झालं नाही. संपदाचे दोन जीव गेले, लंगड्याचा एक गेला, सगळेच थोडे थोडे जखमी होऊन बाहेर आले. लढाई जरा लांबली आणि खेळ किंचित सोपा झाला. एवढंच. दरवेळी कडुलिंबे चालत बाहेर पडले.

मी संपदाला फोन करून हे सांगितलं. पलीकडे रस्त्याचा आवाज होता. ती म्हणाली, "अब क्या, ताई." मग म्हणाली, "ठेवते, प्रेमलाकाकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

आता मी रायपूरहून लिहिते आहे, आणि लिहायचं कारण संपदा आहे.

ती शाळा करते. शाळा सुटली की बालाजी घाटाकडे प्रेमलाकाकूंकडे जाते, त्यांचा स्वयंपाक करते, औषधं देते, त्या रात्री रडतात म्हणून पुष्कळदा तिथेच झोपते. देवव्रतचा फोन अजून तिच्याकडेच आहे. तो वाजतो, आणि ती स्टेशनवर जाते. मी म्हटलं, बंद कर तो नंबर. म्हणाली, "कुणाच्या तरी आईच्या अस्थी असतात ताई, बंद कसा करू?" मी म्हटलं, तू कशी आहेस? म्हणाली, "मी मस्त." मागच्या महिन्यातही मस्त. आईला इंदूरहून बोलावून घे म्हटलं, तर म्हणाली, आईला कशाला त्रास. काल मेसेज आला, "तू परेशान नको होऊस, मी सगळं सांभाळते." त्यानंतर मी चारदा फोन केला. उचलला नाही. मग प्रेमलाकाकूंना लावला, त्या म्हणाल्या, "आत्ताच भाजी ठेवून गेली, ठीक आहे की." त्यांना तरी काय दिसणार.

कदाचित काहीही नसेल. मी घाबरट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ओजस म्हणाला, शुक्रवारचं तिकीट काढ, बकुळला मी बघतो. काढलंय. शनिवारी सकाळी मी तिच्या दारात असेन.

पण शनिवार लांब आहे. तुमच्यापैकी कुणी बनारसमध्ये असेल, किंवा तुमचं कुणी असेल, तर कृपा करून आजच जा. भोसले घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला, दारावर शाळेच्या मुलांनी केलेली कागदी पाटी आहे, संपदा मॅडम. फोन करून जाऊ नका, ती नको म्हणेल. कशी आहेस विचारू नका, मस्त म्हणेल. जेवण घेऊन जा आणि ती जेवेपर्यंत समोर बसा. मधे तो दुसरा फोन वाजला तर तुम्ही उचला, आणि गाडी किती वाजता येते ते विचारून स्टेशनवर तुम्हीच जा. तिला झोपू द्या. आणि मला एवढंच कळवा, की तिने दार उघडलं.